कुत्र्यांचे सिनेमे आणि घरातली लहान मुलं

सौंसर, लोधीखेडा, पांढुर्ण्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. मग टीव्ही नाहीतर मोबाइल. पडद्यावर कुत्रा दिसला की घरातली मोठी माणसं निर्धास्त होतात. कुत्र्याचा सिनेमा म्हणजे मुलांचाच, हा समज फार पक्का आहे, आणि तो चुकीचा आहे.

'७७७ चार्ली' (२०२२) घ्या. मूळ कन्नड, हिंदीतही आलेला. एकलकोंड्या धर्माच्या आयुष्यात चार्ली ही लॅब्रेडॉर कुत्री येते, तिच्या खोड्यांवर मुलं खदखदून हसतात. पुढे तिला कॅन्सर असल्याचं कळतं आणि शेवटी ती मरते. १९८५ चा 'तेरी मेहरबानियां' आठवा. त्यातला मोती मालकाच्या खुनाचा सूड घेतो. तिथे इमानदारी आहे तशी मारामारी आणि रक्तही आहे.

दुसरा समज सेन्सॉरच्या प्रमाणपत्राबद्दल. 'यूए' म्हणजे मुलांना बंदी, असं काहींना वाटतं. बंदी 'ए' ला असते. 'यूए' ही पालकांना दिलेली सूचना आहे. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर तिचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले, आणि तिचा अंमल थिएटरवाल्याने नव्हे, आईवडिलांनीच करायचा असतो. याच्या उलट, प्रमाणपत्र सौम्य असलं की काळजी मिटली, असंही नाही. 'हाची' (२००९) या सिनेमाला अमेरिकेत सर्व वयांसाठीचं 'जी' प्रमाणपत्र आहे. त्यात ना मारामारी, ना शिवी. मालक अचानक मरतो आणि कुत्रा वर्षानुवर्षं स्टेशनबाहेर वाट पाहतो, एवढंच. मोठी माणसंही ते पाहून ढसाढसा रडतात. प्रमाणपत्र हिंसा पाहतं, भाषा पाहतं. दुःख मोजायचं माप त्याच्याकडे नाही. ते काम घरातल्या माणसाचं. म्हणून सिनेमा आधी आपण पाहावा, निदान शेवट तरी.

'सत्यकथेवर आधारित' या शब्दांवरही फार विसंबू नये. 'एट बिलो' (२००६) मध्ये अंटार्क्टिकावर आठ कुत्रे मागे राहतात, सहा वाचतात. मूळ घटना जपानी मोहिमेची. फेब्रुवारी १९५८ मध्ये खराब हवामानामुळे पंधरा कुत्रे साखळीला बांधलेले तसेच सोडावे लागले. जानेवारी १९५९ मध्ये माणसं परतली तेव्हा तारो आणि जिरो हे दोघेच जिवंत होते. सात जण साखळीतच मेले होते. सिनेमाने हे बरंच हलकं केलं आहे. तरी मेलेल्या देवमाशाच्या सांगाड्यातून एकदम अंगावर येणारा सील हे त्यातलं दृश्य सहा-सात वर्षांच्या मुलाची झोप उडवू शकतं.

मग रडवणारे सिनेमे दाखवूच नयेत? माझं मत तसं नाही. मूल रडलं म्हणजे सिनेमा वाईट, हाही गैरसमजच. पाचेक वर्षांखालच्या मुलाला मेलेला प्राणी पुन्हा उठेल असं वाटू शकतं. मरण कायमचं असतं, हे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत उमगत जातं. त्या वयाच्या मुलाशेजारी बसून सिनेमा पाहिला तर त्याला सांभाळता येतं. 'तो झोपला' असं सांगू नये; 'मेला' असंच सांगावं. आणि 'कुत्रा खरंच मेला का?' असं मुलाने विचारलं तर ही नक्कल आहे हे समजवावं. आपल्याकडे सिनेमात प्राणी वापरायला २००१ च्या नियमांनुसार प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, हेही मोठ्या मुलाला सांगता येईल.

मला खरी काळजी वाटते ती सिनेमा संपल्यानंतरची. पडद्यावरचा कुत्रा शिकवलेला असतो. त्याच्या गळ्यात हात टाकलेला पाहून मूल गल्लीतल्या जेवत्या कुत्र्याला किंवा पिल्लांपाशी बसलेल्या कुत्रीला मिठी मारायला जातं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार, रेबीजचा संशय असलेल्या प्राण्याने चावलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. चावलं, नुसतं ओरबाडलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी. चुना, मिरची, हळद काही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावं, लशीचे सगळे डोस पुरे करावेत. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. लक्षणं दिसू लागल्यावर या आजारातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून मार बसेल या भीतीने मुलाने ओरखडा लपवू नये, एवढा भरवसा त्याला आधीच द्यायला हवा.

'एट बिलो'सारखा सिनेमा पाहून 'मला तसाच हस्की कुत्रा हवा' हा हट्टही येतो. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, ते बर्फासाठी. नागपूरला लागून असलेल्या या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. त्या उन्हात त्याला उष्माघात होऊ शकतो. हट्ट पुरवायचाच असेल तर गावातलं एखादं देशी पिल्लू आणावं, वेळेवर रेबीजची लस द्यावी, आणि त्याला रोज पाणी ठेवायचं काम त्याच मुलाकडे सोपवावं.