आजी रडत नाहीये!

मंडळी, आधीच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घात माझी कायमची एटीकेटी आहे. मराठी विभागासाठी लिहितेय म्हटल्यावर मेसमध्ये जो हशा पिकला तो अजून कानात आहे. तरीही लिहितेय, कारण दिवाळीच्या सुट्टीत आजीने मला जो प्रश्न विचारला तो कुठल्याच व्हायवात कुणी विचारला नव्हता.

आजीच्या डाव्या डोळ्यातून दोन वर्षं सारखं पाणी यायचं. पदराने पुसून पुसून डोळ्याखालची कातडी लाल झालेली. शेजारच्या बायका हळूच विचारायच्या, "काय हो, सून काही बोलली का?" आई बिचारी ऐकून गप्प बसायची. शेवटी आजीने कीर्तनाला जाणंच सोडलं.

त्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सिरिंजिंग केलं. म्हणजे पापणीच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून बोथट सुईने सलाईन सोडतात. वाट मोकळी असेल तर ते घशात उतरतं आणि खारट लागतं. आजीला काहीच लागलं नाही. पाणी वरच्या पापणीच्या छिद्रातून उलटं बाहेर आलं, आणि सोबत पू. डॉक्टर म्हणाले, "आजी, मोतीबिंदू नंतर. आधी तुमची ही नळी. नाकातून ऑपरेशन करू." बाबा वैतागले. रात्री आजी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तू इंजिनियर होणार ना गं? मग सांग, दुखणं डोळ्याचं आणि ऑपरेशन नाकातून, हे कसं काय?"

मी असाइनमेंटच्या कागदामागे चित्र काढलं. तेच तुम्हालाही सांगते.

हॉस्टेलचं बेसिन भरून वाहायला लागलं तर आपण नळाला दोष देत नाही, खालचा पाईप बघतो. डोळ्याचंही तसंच. आरशासमोर खालची पापणी जरा ओढा. नाकाच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच एक असतं. तिथून बारीक नळ्या अश्रुपिशवीत जातात आणि पिशवीतून एक नळी हाडामधून खाली नाकात उघडते. पापणी मिटली की पंपासारखं पाणी आत ओढलं जातं. म्हणून तर रडताना नाक वाहतं आणि डोळ्यात टाकलेलं औषध घशाला कडू लागतं!

मोठ्या माणसांत बहुतेक वेळा ही खालची नळी आतल्या सुजेमुळे हळूहळू अरुंद होऊन बंद पडते. चाळिशीनंतरच्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. मग पिशवीत पाणी साचतं, जंतू वाढतात, कोपऱ्यात सूज येते. गावाकडे याला लासरू म्हणतात. मोतीबिंदूच्या वेळी हेच जंतू डोळ्याच्या आत गेले तर नजरच जाऊ शकते. डॉक्टर अडून बसले ते यासाठी.

"मग तार घालून मोकळी का करत नाहीत?" आजीचा पुढचा प्रश्न. तान्ह्या बाळांत नळीच्या टोकाला नुसता पातळ पडदा असतो. तो बहुधा पहिल्या वर्षात आपोआप उघडतो, नाहीतर सळई घालून उघडता येतो. मोठ्यांची नळी आतून आखडलेली असते, त्यामुळे हा उपाय टिकत नाही. म्हणून बायपास करतात. अश्रुपिशवी आणि नाक यांच्यामध्ये फक्त हाड असतं, त्यातच नवी खिडकी पाडायची. या ऑपरेशनला डीसीआर म्हणतात.

१९०४ मध्ये इटलीच्या टोटी यांनी हे बाहेरून, नाकाशेजारी कातडीला छेद देऊन केलं. त्याआधी १८९३ मध्येच कॉल्डवेल यांनी नाकातून जाण्याची वाट सुचवली होती, पण आत अंधार. दिसणार काय? तो अंधार घालवला एका भौतिकशास्त्रज्ञाने. हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५९ मध्ये दुर्बिणीच्या नळीत छोट्या भिंगांऐवजी काचेचे लांब दांडे बसवायची कल्पना मांडली, आणि चित्र एकदम उजळ झालं. पुढे १९८९ मध्ये मॅकडोनो आणि मायरिंग यांनी एंडोस्कोपने नाकातून डीसीआर केल्याचं प्रसिद्ध केलं.

यात साधारण ४ मिलिमीटर जाडीचा एंडोस्कोप नाकपुडीतून घालतात. आतली त्वचा बाजूला करून हाड पंचने किंवा ड्रिलने काढतात आणि पिशवी नाकात उघडतात. गरज वाटली तर सिलिकॉनची बारीक नळी काही आठवडे ठेवतात. चेहऱ्यावर व्रण नाही, पापणीच्या पंपाचे स्नायू शाबूत. अनुभवी हातांत यश साधारण ९० टक्क्यांच्या आसपास, आणि बाहेरून केलेल्या ऑपरेशनचंही जवळपास तेवढंच. म्हणजे जुनी पद्धत वाईट असं अजिबात नाही.

आणि जादूही नाही. भरताना जखम खिडकी बुजवू शकते, म्हणून नाक धुणं आणि तपासणीला जाणं चुकवायचं नाही. काही दिवस नाक शिंकरायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगायच्या. शिवाय प्रत्येक पाणावलेला डोळा म्हणजे बंद नळी नव्हे. ॲलर्जी, सैल पापणी, अगदी कोरडा डोळासुद्धा पाणी काढतो! तपासणी आधी.

चित्र बघून आजी म्हणाली, "म्हणजे मोरी तुंबली, तर भिंतीतून नवी मोरी काढायची. एवढंच ना?" आणि तयार झाली. सेमिस्टर संपून मी घरी गेले तोवर डीसीआर झालं होतं. जखम भरल्यावर मोतीबिंदूही झाला. परवा फोनवर आई सांगत होती, आजी पुन्हा कीर्तनाला जाते आणि शेजारणींना मोरीची गोष्ट स्वतःच सांगते.

तेव्हा रविवारी घरी फोन कराल, तेव्हा आजीच्या डोळ्यांची एकदा चौकशी करा. "वय झालं, चालायचंच" असं उत्तर आलं तर मात्र सोडू नका.