घरच्यांचे कसले आभार?

छत्रपती संभाजीनगरात उन्हाळा चढला की घरोघरी दोन हिशेब रोज मांडावे लागतात. एक पाण्याचा, दुसरा पैशाचा. पैठणच्या जायकवाडी धरणातून येणारे पाणी अनेक वसाहतींना कित्येक दिवसांच्या खंडाने मिळते आणि नळाची वेळ कधी कधी अपरात्रीची असते. पारा चाळिशीच्या पुढे. त्यातच लग्नसराई, आहेर, सुटीला आलेले पाहुणे, कुरडया-पापडांचे वाळवण आणि कूलरमुळे फुगलेले विजेचे बिल. जून उजाडला की शाळेची फी, वह्या-पुस्तके, रेनकोट. गावाकडे शेती असेल तर बियाण्या-खतासाठी फोन येतो तोही याच दिवसांत, आणि कापसाचा पैसा तोवर संपलेला असतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत कंत्राटावर असलेल्याला पुढच्या महिन्याची खात्री नसते. फळांची गाडी लावणाऱ्याचा धंदा भर दुपारी जवळजवळ बंदच असतो.

या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या तक्रारीही ठरलेल्या असतात. डोके जड राहते, झोप लागत नाही, पित्त वाढले आहे, अंगात त्राण नाही, चिडचिड होते. तपासण्या पुष्कळदा ठीक निघतात. ‘घरी सगळे बरे आहे ना?’ एवढे विचारले की मग खरा आजार कळतो. घरात कोणी कोणाशी धड बोलत नसते.

ऊन, झोप आणि काळजी

याला शरीराची कारणे आहेत, ती आधी समजून घेतली पाहिजेत. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो, त्यामुळे ते लवकर उतरत नाही. त्यात नळासाठी मध्यरात्री उठणे आले. झोप मोडलेल्या माणसाला साधे बोलणेही टोचते. दिवसा पाणी कमी पडले तर त्यात आणखी भर पडते. शरीराच्या वजनाच्या एक-दोन टक्के पाणी कमी झाले तरी थकवा, डोकेदुखी आणि लक्ष न लागणे सुरू होऊ शकते.

पैशाची काळजी यावर कडी करते. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उसाची तोडणी होण्याआधी, हात आखडलेला असताना, आणि नंतर पैसे हाती आल्यावर, अशा दोन वेळा त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची व एकाग्रतेची चाचणी घेतली गेली. पैसे हाती आल्यावर त्यांची कामगिरी सुधारली. माणसे तीच होती, अक्कलही तीच होती. टंचाईच्या काळात डोक्याचा मोठा भाग काळजीने अडवून ठेवला होता, असा अर्थ संशोधकांनी लावला. त्यावर पुढे शास्त्रज्ञांत वादही झाले. पण महिनाअखेरीस गॅस पेटवून त्यावर दूध ठेवल्याचे विसरणाऱ्या कोणालाही त्यात आपला अनुभव सापडेल.

टुमणे आणि मौन

हा ताण बाहेर पडतो तो घरातच. साहेबावर ओरडता येत नाही, फी मागणाऱ्या शाळेवरही नाही. मग भांडण होते ते मोटार वेळेवर कोणी लावली नाही यावरून, आहेराला साडी कितीची घ्यायची यावरून. एक जण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, दुसरा मोबाइलमध्ये डोके घालून गप्प बसतो. टुमणे वाढले की मौन वाढते, आणि मौन वाढले की टुमणे.

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली नेमक्या याच साखळीवर काम केले. ४६८ विवाहित व्यक्तींना फोनवरून त्यांची आर्थिक स्थिती, भांडणाची पद्धत आणि जोडीदार आपली कदर करतो का, हे विचारले. पैशाची ओढाताण असलेल्या घरांत टुमणे-मौनाची ही साखळी जास्त होती आणि संसाराबद्दलचे समाधान कमी. मात्र ‘माझ्या कष्टांची जोडीदाराला किंमत आहे’ असे ज्यांना वाटत होते, त्यांच्या नात्यावर या साखळीचा परिणाम कमी दिसला. भांडणे त्यांच्याकडेही होत होती, पण त्यांनी नाते तितके पोखरले जात नव्हते.

एकदाच विचारलेल्या प्रश्नांवरून कारण आणि परिणाम ठरवता येत नाही. म्हणून याच विषयावरचा २०२२ सालचा दुसरा अभ्यास महत्त्वाचा. त्यात ३१६ आफ्रिकन-अमेरिकन जोडप्यांचा सव्वा वर्ष मागोवा घेतला गेला. तेव्हा आणखी एक बारकावा कळला. आपण किती आभार मानतो, यापेक्षा समोरच्याला आपली जाण आहे असे आपल्याला किती वाटते, यातून नात्याला अधिक संरक्षण मिळत होते. म्हणजे कृतज्ञता मनात असून भागत नाही, ती समोरच्याच्या मनापर्यंत पोहोचावी लागते.

न बोललेली जाण

आपल्याकडे अडचण इथेच आहे. मराठी घरात आभार मानण्याची रीत नाही. चहा आणून देणाऱ्या बायकोला कोणी ‘धन्यवाद’ म्हटले तर ती आधी कपाळाला हात लावून पाहील. ‘आभार मानून परके करू नकोस’ हे आपण प्रेमानेच म्हणतो. त्यात आपलेपणा आहेच. पण दिवस ओढाताणीचे असले की न बोललेली जाण समोरच्याला दिसत नाही, आणि बोललेली चूक तेवढी ऐकू येते.

आभार मानताना अवघडल्यासारखे वाटते, हा अनुभव केवळ मराठी माणसाचा नाही. अमेरिकेतच २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना कोणाला तरी कृतज्ञतेचे पत्र लिहायला सांगितले आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. पत्र मिळालेल्यांना प्रत्यक्षात झालेला आनंद लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त होता, आणि अवघडलेपण अंदाजापेक्षा कमी.

जाण कशी दाखवायची हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागलेले नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. जिथे जू बसते, त्याच खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात. ज्या जागेने वर्षभर ओझे वाहिले, ती जागा नेमकी ओळखायची, ही त्यातली गोष्ट घरासाठीही खरी आहे. ‘तू सगळ्यांसाठी किती करतेस’ हे वाक्य कानावरून जाते. ‘रात्री दोनला उठून तू टाकी भरलीस म्हणून मला झोप मिळाली’ हे मनात राहते. ‘एवढ्या उन्हात तुम्ही जादा पाळी केलीत, त्यातून पोराची फी गेली’ हे नवऱ्यालाही ऐकायला हवे असते. आजी नातवंडांना दुपारभर घरात थोपवून धरते, थोरली मुलगी धाकट्याचा अभ्यास घेते. त्यांचेही खांदे असतात.

कृतज्ञता म्हणजे औषध नव्हे

इथे एक सावधगिरी हवी. ‘रोज पाच चांगल्या गोष्टी लिहा आणि आजार पळवा’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. २००३ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात अशा नोंदी ठेवणाऱ्यांना आयुष्याबद्दल अधिक समाधान वाटले, हे खरे. पण २०२० साली २७ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर अशा उपायांचा परिणाम अल्पच आढळला. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कशातच रस वाटेनासा झाला, भूक-झोप उडाली किंवा जगणे नको वाटू लागले, तर त्या माणसाला ‘जे आहे त्यात समाधान मान’ असे सांगणे क्रूरपणाचे ठरते. त्याला उपचार हवेत. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा दिवसरात्र सुरू असते. आत्महत्येचे विचार असतील तर त्याला एकटे न सोडता लगेच रुग्णालयात न्यावे. घरात मारहाण होत असेल तर तिथेही कृतज्ञतेचा उपदेश चालत नाही, मदत मागावी लागते.

दुसरे म्हणजे आभार मानून काम टळत नाही. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या महिलांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. आणि दिवसभरात असे कोणतेही घरकाम करणारे पुरुष होते शंभरातले सुमारे २६. नुसते कौतुक करून पुन्हा पंख्याखाली बसणे म्हणजे जाण नव्हे. आज तिने पाणी भरले असेल तर पुढच्या खेपेला गजर आपल्या मोबाइलवर लावावा.

तिसरी गोष्ट औषधांची. पैसे कमी पडले की घरातली बाई सर्वांत आधी स्वतःवरचा खर्च कापते. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड, साखरेची तपासणी ‘शाळा सुरू झाल्यावर’. ही काटकसर महागात पडते. पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला तर महिन्याच्या गोळ्यांच्या कितीतरी पट खर्च होतो आणि कमावता किंवा घर सांभाळणारा हात निकामी होतो. या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत मिळतात आणि जेनेरिक औषधांच्या दुकानात स्वस्त पडतात. उन्हाळ्यात चक्कर येऊ लागली तर रक्तदाबाच्या औषधाची मात्रा बदलावी लागू शकते, पण ती डॉक्टरांना विचारून, मनाने नव्हे. छातीत दुखले तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून घरी थांबू नये. घरातल्या प्रत्येकाची गोळी आज घेतली गेली का, हे विचारणे हीसुद्धा जाणच आहे.

दहा मिनिटांची बैठक

या सगळ्यातून घरात करता येण्याजोगे थोडकेच आहे. आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर आणि पोटात अन्न असताना, पैशाचा हिशेब दहा-पंधरा मिनिटे एकत्र बसून करावा. भुकेल्या पोटी आणि रात्री बाराला तो काढू नये. काय येणार, काय द्यायचे आणि काय पुढे ढकलता येईल, एवढेच कागदावर मांडावे. एकट्याच्या डोक्यात फिरणारा आकडा कागदावर आला की टुमण्याला आणि मौनालाही कारण उरत नाही. मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल इतके सांगावे. घरात काहीतरी बिनसले आहे हे त्यांना कळतेच, आणि आपल्यामुळेच बिनसले असे ती समजून बसतात.

आणि उठण्याआधी प्रत्येकाने दुसऱ्याचे एक काम नाव घेऊन सांगावे. त्याने नळ लवकर येणार नाही, पगारही वाढणार नाही. पण आपण वाहतो ते ओझे कोणाच्या तरी डोळ्यांना दिसते आहे, एवढे कळले तरी माणूस पुढचा आठवडा निभावून नेतो. बैलाची खांदेमळणी वर्षातून एकदा येते. घरातल्या खांद्यांनी पोळ्यापर्यंत वाट का पाहावी?