शिक्षणासाठी कर्ज काढण्यापूर्वी

मुलीला अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याची वार्ता येते, घरोघरी पेढे वाटले जातात, आणि त्याच रात्री तिचे वडील शुल्काचा तक्ता पुढे घेऊन आकडेमोड करीत बसतात. वाचकहो, हे दृश्य आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे असेल. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आयआयटी संस्थांतही पदवी अभ्यासक्रमाचे वार्षिक शिक्षणशुल्क २०१६ साली ९० हजारांवरून २ लाख रुपये झाले. अनुसूचित जातीजमातींचे व अपंग विद्यार्थी, तसेच अगदी अल्प उत्पन्नाची घरे यांना त्यातून पूर्ण सूट मिळाली. ज्यांना ती मिळाली नाही, अशा अनेकांना बँकेची पायरी चढणे भाग पडले.

शिक्षणासाठी कर्ज ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९६३ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या ऋण-शिष्यवृत्तीवर व्याज नव्हते. शिवाय ती घेणारा पुढे शिक्षक झाला, तर सेवेच्या प्रत्येक वर्षाला कर्जाचा दहावा हिस्सा माफ होत असे. आजचे कर्ज बँकेचे आहे आणि त्यावर व्याज आहे.

या कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. मधल्या काळास बँकेच्या भाषेत 'मोरॅटोरियम' म्हणतात. एकदा या शब्दाचे भाषांतर मी 'सवलतीचा काळ' असे केले होते. आता तो शब्द मला फसवा वाटतो. या काळात हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही.

समजा, चार वर्षांच्या शिक्षणासाठी प्रत्येक वर्षाच्या आरंभी १ लाख रुपये उचलले आणि व्याज द. सा. द. शे. १० आहे. शिक्षणाची चार वर्षे व पुढचे एक वर्ष मिळून सरळ व्याज १ लाख ४० हजार रुपये होते. ते मुद्दलात मिळविले जाते, आणि ४ लाखांचे कर्ज ५ लाख ४० हजारांचे होऊन बसते. दहा वर्षांत ते फेडावयाचे, तर मासिक हप्ता सुमारे ७,१३५ रुपये पडतो. हेच व्याज शिकत असतानाच भरीत गेल्यास हप्ता सुमारे ५,२८५ रुपयांवर येतो. पहिल्या वर्षी त्यासाठी महिना साडेआठशेही लागत नाहीत. चौथ्या वर्षी मात्र सुमारे ३,३३५ लागतात. हे प्रत्येक घराला जमेलच असे नाही, हे खरे. पण जमत असेल तितके तरी भरावे. असे व्याज भरणाऱ्यास काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. ती आपण होऊन विचारावी लागते.

ज्या घराचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे, त्याच्यासाठी २००९ पासून केंद्र सरकारची व्याज-अनुदान योजना आहे. मान्यताप्राप्त संस्थेतील तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाच्या कर्जावरील या मधल्या काळाचे व्याज, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, सरकार भरते. अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडल्यास मात्र हे अनुदान सामान्यतः मिळत नाही.

आणखी एक. कर्जाच्या कागदावर वडिलांची किंवा आईची सही ही केवळ साक्ष नसते. ते सहकर्जदार असतात. मुलीला नोकरी उशिरा लागली, तर बँक त्यांच्याकडेही मागणी करते. म्हणून सही करण्यापूर्वी हप्ता कधी सुरू होईल आणि त्या दिवशी एकूण रक्कम किती असेल, हे दोन आकडे व्यवस्थापकाकडून लिहून घ्यावेत. व्याज-अनुदानासाठी राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो हाती पडण्यास दिवस लागतात; प्रवेशाचा निकाल लागेपर्यंत थांबू नये.