घरांत आलेला गालिचा-अजगर



अजगर पाळावा कीं पाळूं नये, हा वाद घालण्यासाठीं मी आज बोलत नाहीं. तो पाळला जात आहे, एवढी गोष्ट खरी. मुंबई-पुण्याकडील सुशिक्षित घरांतलीं तरुण मुलें हौसेनें परदेशी अजगर आणतात, आणि शनिवार-रविवारीं तो कांचेच्या पेटीसह आमच्या वलवणच्या बंगल्यांवर हवापालटासाठीं येतो. मग घरांतील वडील मंडळी विचारतात, "गुरुजी, हा खातो काय? याला माणसाची ओळख पटते का? दिवसांतून किती वेळ बाहेर काढावा?" प्रश्न योग्यच आहेत; परंतु कुत्र्यामांजरांच्या अनुभवावरून त्यांचीं उत्तरें देऊं गेल्यास जनावर हातचें जातें. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत हा प्राणी आजारी पडतो तो बहुधा घरच्यांच्या लाडामुळें. त्याला हवी ऊब, हवा आडोसा आणि हवा एकांत. आणि आपण त्याला देतों वारंवार हाताळणें.

बाजारांत ज्याला 'कार्पेट पायथन' म्हणतात, तो हा साप मूळचा ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथला. त्याचें शास्त्रीय नांव मोरेलिया स्पिलोटा. अंगावरील पिवळ्या, तपकिरी व काळ्या रंगांची नक्षी विणलेल्या गालिच्यासारखी दिसते, म्हणून त्याला गालिचा-अजगर म्हणावयास हरकत नाहीं. तो विषारी नाहीं. भक्ष्याला विळखा घालून मारतो. विळख्यानें भक्ष्य गुदमरतें असें जुन्या पुस्तकांत लिहिलेलें आढळतें. परंतु अमेरिकेंत बोआ जातीच्या सापांवर झालेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, विळखा आवळतांच कांहीं क्षणांत भक्ष्याचें रक्ताभिसरणच कोलमडतें. ह्या अजगराच्या ओठांवर बारीक खळगे असतात, आणि त्यांच्या योगानें काळोखांतहि त्याला उंदराच्या अंगाची ऊब जाणवते. तो रात्रींचा हिंडणारा व झाडांवर चढणारा आहे. पूर्ण वाढलेला साप बहुधा दोन मीटरांच्या आसपास भरतो, कांहीं पोटजातींत त्याहून बराच मोठा होतो, आणि नीट ठेवल्यास वीस वर्षांहून अधिक जगतो. म्हणजे दहावींतल्या मुलानें आज आणलेला अजगर तो मुलगा शिकून, नोकरीस लागून, परदेशीं गेला तरी घरींच असावयाचा. त्या वेळीं त्याला उंदीर कोण घालणार, हें आईनें आजच विचारून घ्यावें!

निगेच्या आधीं कागदपत्रांचें पाहूं. आपल्या सह्याद्रींतला अजगर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. त्याला घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. २०२२ सालच्या दुरुस्तीप्रमाणें अशा गुन्ह्यास तीन ते सात वर्षें कैद व निदान २५,००० रुपये दंड सांगितला आहे. कोणी आपलाच अजगर 'परदेशी' म्हणून गळ्यांत मारील, म्हणून खूण सांगतों. आपल्या अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखा ठळक पट्टा असतो व पुढील भागीं मोठे खवले असतात. गालिचा-अजगराच्या डोक्यावरचे खवले बारीक व विस्कळित असतात. एवढ्यानें शंका फिटली नाहीं तर पैसे देण्यापूर्वी जाणत्याला दाखवावें.

परदेशी असला म्हणजे मोकळीक, असेंहि नाहीं. सर्व अजगर आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटीस' कराराच्या याद्यांत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनें हा करार आपल्या कायद्यांत गोंवला गेला, ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली, आणि २०२४ सालीं नोंदणीचे नियम निघाले. त्यांप्रमाणें असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानें सरकारच्या 'परिवेश' ह्या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे त्याची नोंद केली पाहिजे. आज नव्यानें घेणाऱ्यास त्यासाठीं ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांची मुदत आहे. पुढें पिलें झालीं, साप मेला किंवा दुसऱ्यास दिला, तरी कळवावें लागतें. विक्रेता आपल्या नोंदीचा कागद दाखवीत नसेल तर तेथून उठावें. २०२३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका उतारूच्या सामानांत बिस्किटांच्या व केकच्या पुड्यांत कोंबलेले ९ बॉल पायथन व २ कॉर्न स्नेक सांपडले. कागदाविना मिळणारा स्वस्त साप बहुधा अशाच पुड्यांतून येतो, आणि येतांना आजार घेऊन येतो.

आतां पेटी. लहान पिलाला फार मोठी पेटी देऊं नये. मोकळ्या जागेंत तें भेदरतें व अन्न टाकतें. वाढलेल्या सापाला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन-तीन फूट उंच एवढी जागा तरी हवी. मोठ्या पोटजातीस त्याहूनहि अधिक. आंत चढण्यास आडवी भक्कम फांदी, बसावयास जड बूड असलेलें पाण्याचें भांडें, तळाला साधा कागद आणि लपण्यास दोन आडोसे, एक उबेच्या टोकाला व एक थंड टोकाला. दोन कशासाठीं, असें विचाराल. आडोसा एकच असला तर सापाला ऊब व सुरक्षितता यांपैकीं एकच निवडावी लागते, आणि भ्यालेला साप बहुधा थंडींत लपून बसतो. कुंड्यांच्या खापराचेहि आडोसे चालतात. कडी मात्र मजबूत पाहिजे. अजगर म्हणजे सगळा स्नायूच. झांकण नुसतें सरकवलेलें असेल तर तो रात्रीं नाकानें तें उचलून बाहेर येतो.

सर्वांत महत्त्वाचा विषय उष्णतेचा, आणि वलवणला तो विशेष अवघड आहे. साप स्वतःच्या शरीरांत ऊब उत्पन्न करीत नाहीं. ती बाहेरून घेतो. (अजगराची मादी मात्र अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून अंगाचे स्नायू थरथरवते व त्यांना ऊब देते. निसर्गाचे नियम शिकवितांना असे अपवाद मुलांना सांगावे. त्यांना ते फार आवडतात.) उबेशिवाय त्याचें पचन चालत नाहीं. थंड सापानें गिळलेला उंदीर पोटांत पचण्याऐवजी कुजतो, आणि तो ओकून टाकावा लागतो. म्हणून पेटीच्या एका टोकाला सुमारें ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ अंशांच्या आसपास असा उतार ठेवतात. साप आपल्या गरजेप्रमाणें जागा बदलतो.

आतां आपली हवा पाहा. वलवण समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारींत पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. जून ते सप्टेंबर चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, धरण भरून वाहतें, आणि घरांतल्या चादरीहि ओलसर लागतात. थंड व दमट हवा ही ह्या प्राण्याच्या फुफ्फुसांची वैरीण आहे. म्हणून तापक व त्याला जोडलेला थर्मोस्टॅट हीं दोन्हीं हवींतच. थर्मोस्टॅटवांचून तापक लावूं नये. सापाला तळाची प्रखर उष्णता वेळेवर जाणवत नाहीं आणि तो पोट भाजून घेतो. उघडा दिवा आंत असेल तर त्याला जाळी लावावी. दोन्हीं टोकांना एकेक थर्मामीटर ठेवून आंकडे रोज पाहावे. हात लावून अंदाज करूं नये. पेटींत हवा खेळती असावी आणि कागद भिजला कीं लगेच बदलावा. पावसांत वीज जाते हें येथें कोणाला सांगावयास नको. तेव्हां थर्माकोलची एक मोठी पेटी व गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या तयार असाव्या. पिशवी जाड फडक्यांत गुंडाळून सापाच्या अंगास न लागेल अशी ठेवावी.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. जो बंगला सोमवार ते शुक्रवार बंद असतो तेथें हा साप ठेवतां येत नाहीं, आणि दर आठवड्यास घाटांतून मोटारीनें त्याला वरखालीं नेणें हेंहि योग्य नव्हे. तो एका जागीं राहावा. माणसांनीं हवापालट खुशाल करावी.

साप घरीं आला कीं पहिले पांच ते सात दिवस त्याला हात लावूं नये, अन्नहि देऊं नये. पाणी तेवढें बदलावें. नातेवाईक पाहावयास येतात, मुलें कांचेवर टिचक्या मारतात, कोणी छायाचित्रासाठीं गळ्यांत घालतो. हें सर्व पुढें पाहतां येईल. पेटीवर तीन बाजूंनीं कापड टाकलें तर उत्तम. आठवड्यानें पहिलें अन्न द्यावें, आणि दोन-तीन वेळां त्यानें नीट खाऊन पचविलें म्हणजे मग हाताळण्यास आरंभ करावा, तोहि पांच-दहा मिनिटांचा. धरतांना शरीराला दोन ठिकाणीं आधार द्यावा, डोकें पकडूं नये. खाल्ल्यावर निदान दोन दिवस अजिबात उचलूं नये. ओळख पटते का, ह्या प्रश्नाचें माझें उत्तर असें कीं, तो तुमचा वास व तुमचा स्पर्श निरुपद्रवी आहे एवढें शिकतो. त्यापलीकडचें प्रेम आपणच कल्पून घेतों, आणि त्यांत कांहीं वाईट नाहीं. दर खेपेस हात मात्र साबणानें धुवावे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतु असूं शकतात. घरांत तान्हें मूल वा आजारी म्हातारें माणूस असेल तर त्याला ह्या पेटीपासून दूरच ठेवावें.

अन्नाविषयीं. दूध नको! नागपंचमीच्या चित्रांनीं आपली समजूत बिघडविली आहे. साप पाणी पितो, दूध हें त्याचें अन्न नव्हे. गालिचा-अजगराला अखंड उंदीर लागतो, आणि त्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी. पिलाला सात ते दहा दिवसांनीं एकदां, वाढलेल्यास तीन-चार आठवड्यांनीं एकदां पुरे. घरांत पिंजऱ्यांत सांपडलेला उंदीर कधींहि देऊं नये. त्यानें शेजारच्या घरीं विषाची गोळी खाल्ली असेल तर तें विष सापाच्या पोटांत जातें. पैदास केलेले, मारून गोठविलेले उंदीर मिळवावे, ते पूर्ण वितळवून कोमट करावे आणि लांब चिमट्यानें द्यावे. जिवंत उंदीर सोडणें क्रूरपणाचें तर आहेच, शिवाय तो सापालाच कडकडून चावतो. आमच्याकडे ज्या घरांत कांदाहि जपून येतो तेथें हे गोठविलेले उंदीर लोण्याच्या शेजारीं कसे ठेवावे, असा प्रश्न येतो. त्याला वेगळा लहान शीतकपाट घेण्याखेरीज तोड नाहीं, आणि हा खर्च साप घेण्याआधींच हिशोबांत धरावा. सापानें एखादी खेप अन्न नाकारलें तर घाबरूं नये. आधीं थर्मामीटर पाहावा. ओकून टाकलें तर मात्र दोन आठवडे पोटाला विश्रांति द्यावी आणि मग लहान भक्ष्य द्यावें.

कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ निळसर होतात व रंग फिका पडतो. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाहीं आणि तो चिडका होतो; हाताळूं नये. कात ओढून काढूं नये. अंगावर तुकडे राहिलेच तर ओल्या फडक्यांच्या डब्यांत थोडा वेळ ठेवावें. उघड्या तोंडानें श्वास घेणें, घरघर, नाकाशीं फेस, हीं चिन्हें दिसल्यास घरगुती उपाय न करतां सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावें. असा वैद्य पुण्यामुंबईस कोण आहे, हें साप आणण्याआधीं शोधून ठेवावें. आमच्या बाजूस तो ऐन वेळीं मिळणें कठीण. पाण्याच्या भांड्यांत मोहरीहून बारीक काळे ठिपके तरंगतांना दिसले तर ते गोचीड-जातीचे किडे समजावे.

कंटाळा आला तर काय? कित्येकांना वाटतें कीं समोर जंगल आहे, धरण आहे, सोडून देऊं. हें करूं नये. अमेरिकेंतील फ्लोरिडाच्या दलदलींत पाळलेले व सुटलेले बर्मी अजगर वाढले, आणि तेथील रॅकून व ओपोसम ह्यांसारखे प्राणी कित्येक भागांत दिसेनासे झाले. त्याहून सूक्ष्म हानि अशी कीं, आशियांतून आलेला फुफ्फुसांतला एक परजीवी तेथल्या देशी सापांना लागला. वलवणच्या थंडींत गालिचा-अजगर बहुधा मरेल, आणि मरण्यापूर्वी आपला आजार येथल्या सापांना देईल. ठेवणें शक्य नसेल तर नोंदणीचे कागद घेऊन वन विभागास विचारावें. महाराष्ट्रांत त्यांचा मदतीचा क्रमांक १९२६ आहे.

आणि साप चुकून सुटला तर? खिडक्या-दारें बंद करावीं, दारांच्या फटींशीं ओल्या फडक्यांचे बोळे ठेवावे, आणि आधीं उबेच्या अरुंद जागा पाहाव्या: शीतकपाटाच्या मागची बाजू, गीझरचा कोनाडा, पुस्तकांच्या कपाटाचा तळ. रात्रीं उंबरठ्यांवर पीठ भुरभुरून ठेवलें तर सकाळीं त्याची वाट दिसते. त्याच वेळीं शेजाऱ्यांस व जवळच्या सर्पमित्रास सांगावें. पावसाळ्यांत आमच्याकडे घरोघर साप निघतात. सर्पमित्र हा साप आपलाच अजगर समजून राजमाचीच्या रानांत सोडून येईल. म्हणून सापाचें छायाचित्र व नोंदणीचा क्रमांक त्याच्याजवळ पहिल्या आठवड्यांतच देऊन ठेवावा.