सार्वजनिक घरांचे अंदाजपत्रक : बांधकामानंतरचा खर्च

महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाने, म्हणजेच म्हाडाने, 2025-26 या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात राज्यभर 19,497 घरे बांधण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी 9,202.76 कोटी रुपयांची तरतूद केली. त्यापैकी 5,199 घरे व 5,749.49 कोटी रुपये एकट्या मुंबई मंडळाच्या वाट्याचे होते. अंदाजपत्रक मंजूर झाले की वृत्तपत्रांच्या मथळ्यात नेमका हाच आकडा झळकतो. किती घरे बांधणार, सोडत केव्हा निघणार, किंमत काय राहणार, हे प्रश्न लोकांच्या जिव्हाळ्याचे आहेत, आणि ते विचारले जाणे योग्यच आहे. परंतु जी घरे पूर्वीच बांधून झाली आहेत, ती उभी राहण्यासाठी यंदा किती खर्च होणार, हा प्रश्न सभागृहात किंवा सभेत क्वचितच ऐकू येतो. प्रस्तुत लेखात त्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

गृहनिर्माण संस्थेच्या जमाखर्चाला दोन बाजू असतात. एक भांडवली व दुसरी महसुली. जमीन, बांधकाम, रस्ते, जलवाहिन्या यांवरील खर्च भांडवली होय. तो कर्जातून, शासकीय अनुदानातून किंवा घरांच्या विक्रीतून भागतो. महसुली बाजूस पंपाचे वीजबिल, सफाई, जिन्यातील दिवे, छताची डागडुजी, कर्मचाऱ्यांचे वेतन हे सारे येते आणि ते भाडे व सेवाशुल्क यांतून भागावे अशी अपेक्षा असते. भांडवली खर्च एकदा होतो व त्याचा समारंभ होतो. महसुली खर्च दरमहा होतो आणि त्याचा समारंभ कधीच होत नाही. मुंबईच्या सार्वजनिक घरांचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला असता बहुतेक अडचणी या दुसऱ्या बाजूतूनच उद्भवलेल्या दिसतात.

1920 साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे 207 चाळी, म्हणजे सुमारे सोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. आजही लोक त्यांना बीडीडी चाळी म्हणूनच ओळखतात. कर्जावरील व्याज, परतफेड व देखभाल मिळून एका खोलीचे जे भाडे निघत होते, ते कामगाराच्या मजुरीला पेलणारे नव्हते. म्हणून भाडे खर्चापेक्षा कमी ठेवण्यात आले व तूट भरून काढण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसविण्यात आला. योजनेच्या कर्त्यांचे एवढे तरी श्रेय मान्य करावयास हवे की, तूट येणार हे त्यांनी आधीच ओळखले आणि ती कोण भरणार हेही ठरविले. असे असूनही सुरुवातीच्या वर्षांत अनेक खोल्या रिकाम्याच राहिल्या. रिकामी खोली भाडे देत नाही, पण तिच्या कर्जाचे व्याज मात्र चालूच राहते.

पुढचा अध्याय खाजगी चाळींचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई वाढली आणि भाडेनियंत्रण आले. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने सर्वसाधारणपणे सप्टेंबर 1940 चे भाडे हेच प्रमाण भाडे मानले. लाखो सामान्य कुटुंबांना या कायद्याने शहरात टिकवून धरले, हे निर्विवाद आहे. पण सिमेंट, सागवान, गवंड्याची मजुरी यांना 1940 साली कोणी थांबवून ठेवले नव्हते. भाड्याच्या उत्पन्नात दुरुस्ती बसेना, तेव्हा मालकांनी दुरुस्ती करणेच सोडून दिले. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. 1968 साली बेडेकर समितीने या प्रश्नाचा विचार केला आणि 1969 मध्ये कायदा होऊन मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अस्तित्वात आले. कुलाब्यापासून माहीम व शीवपर्यंतच्या शहर भागातील जुन्या भाडेकरू इमारतींवर दुरुस्ती उपकर लावण्यात आला. 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, तेव्हापासून 1950 अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात आणि 30 सप्टेंबर 1969 पर्यंतच्या 'क' वर्गात घालण्यात आल्या. आरंभी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या 19,642 होती व त्यांतील 16,502 एकट्या 'अ' वर्गात होत्या.

येथे अंदाजपत्रकाच्या दृष्टीने एक बोधप्रद गोष्ट घडली. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. उपकराची आकारणी इमारतीच्या करपात्र मूल्यावर होती. करपात्र मूल्य प्रमाण भाड्यावरून ठरत असे. आणि प्रमाण भाडे तर 1940 सालीच गोठलेले! म्हणजे ज्या गोठलेल्या भाड्यामुळे दुरुस्ती अशक्य झाली, त्याच भाड्यावर दुरुस्तीचा निधी उभारण्याची ही व्यवस्था होती. मंडळाचा खर्च बाजारभावाने होणार आणि उत्पन्न मात्र महायुद्धपूर्व दराने येणार. परिणामी राज्य शासनाचे अनुदान तसेच महापालिका व प्राधिकरण यांचा वाटा यांवर मंडळाला अवलंबून राहावे लागले. दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे कमाल मर्यादा ठरवावी लागली व ती वेळोवेळी वाढवावी लागली. खर्च मर्यादेपलीकडे गेला, तर वरचा बोजा रहिवाशांनी सोसावा, अन्यथा इमारत दुरुस्तीपलीकडची समजावी, असा मार्ग उरला. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरील इमारत कोसळून 33 जणांचा मृत्यू झाला. पुढे ढकललेली प्रत्येक दुरुस्ती अशी कोसळत नाही हे खरे, पण ती ताळेबंदात दिसत नाही म्हणून ती अस्तित्वात नाही असेही होत नाही.

5 डिसेंबर 1977 रोजी म्हाडाची स्थापना झाली. 1948 च्या कायद्याने निर्माण झालेले मुंबई गृहनिर्माण मंडळ, विदर्भ गृहनिर्माण मंडळ, दुरुस्ती मंडळ व झोपडपट्टी सुधार मंडळ यांचे काम एका छत्राखाली आले. आज तिच्या अखत्यारीत नऊ मंडळे आहेत. प्रत्येक मंडळ चालू वर्षाचा सुधारित अंदाज व पुढील वर्षाचा मूळ अंदाज तयार करते आणि प्राधिकरण ते एकत्रित करून मंजूर करते. चालू वर्षाचा सुधारित अंदाज हा स्तंभ वाचण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी, असे मला वाटते. नव्या वर्षाचा आकडा संकल्प सांगतो, तर गतवर्षीच्या संकल्पाचे काय झाले हे सुधारित अंदाज सांगतो.

आता एका काल्पनिक वसाहतीचे गणित मांडून पाहू. समजा, चार इमारतींत मिळून 160 गाळे आहेत आणि दर गाळ्यास दरमहा 500 रुपये सेवाशुल्क आहे. वर्षाची मागणी 9 लाख 60 हजार रुपये झाली. पाणी व पंपाची वीज 3 लाख 60 हजार, सफाई 2 लाख 40 हजार, पहारा 1 लाख 80 हजार, टाक्यांची स्वच्छता, दिवे व किरकोळ दुरुस्ती 1 लाख 20 हजार, वसुली व हिशेब 60 हजार. बेरीज पुन्हा 9 लाख 60 हजारच. कागदावर जमाखर्च अगदी समतोल! परंतु वसुली शंभर टक्के होत नाही. ती सत्तर टक्के झाली, तर हाती 6 लाख 72 हजारच येतात व 2 लाख 88 हजारांची तूट पडते. ही तूट कोठून भरतात? सफाई थांबविता येत नाही, वीजबिल थकविता येत नाही. म्हणून कात्री लागते ती दुरुस्तीला.

आणि अजून मोठी गोष्ट तर या हिशेबात आलेलीच नाही. गच्चीचे जलरोधन, बाहेरील गिलावा, रंग, जुन्या नळवाहिन्या बदलणे ही कामे दरसाल निघत नाहीत, पण दहा-बारा वर्षांनी निघतातच. दहा वर्षांतून एकदा अशा कामांस 40 लाख रुपये लागणार असे धरले, तर दरसाल 4 लाख बाजूला ठेवावयास हवेत. गाळ्यामागे दरमहा ते सुमारे 208 रुपये होतात. म्हणजे खरे सेवाशुल्क 500 नसून 708 रुपये होते. हे 208 रुपये कोणी मागितले नाहीत, म्हणून कोणी दिले नाहीत. दहाव्या वर्षी गच्ची गळू लागते, तेव्हा शासनाकडे विशेष अनुदानाची मागणी जाते आणि ते येईपर्यंत दोन पावसाळे निघून जातात.

सेवाशुल्क वाढविणे हे मात्र बोलण्याइतके सोपे नाही. मुंबईतील म्हाडाच्या 56 वसाहतींत 1998 पासूनच्या वाढीव सेवाशुल्काचा वाद वर्षानुवर्षे चालला. थकबाकी साचत गेली. अखेरीस 1998 ते 2021 या काळातील वाढीव सेवाशुल्काची सुमारे 380 कोटी रुपयांची रक्कम शासनाने माफ केली. रहिवाशांना त्यामुळे दिलासा मिळाला व तो अनेकांना आवश्यकही होता. पण या माफीची दुसरीही एक नोंद होते. ज्यांनी नियमितपणे पैसे भरले, त्यांना आपण उगाच भरले असे वाटू लागते, आणि पुढील वर्षीची वसुली अधिक कठीण होते. माझ्या मते दर तीन-चार वर्षांनी थोडी व समजावून सांगितलेली वाढ ही वीस वर्षांनी एकदम आलेल्या मागणीपेक्षा व तिच्या माफीपेक्षाही रहिवाशांच्या हिताची ठरते.

काही वर्षांपूर्वी एका वसाहतीतील सभेस मी कार्यालयीन कामानिमित्त उपस्थित होतो. थकबाकीचे आकडे वाचून दाखविले जात असता मागील बाकावरील एक वयस्क बाई उठून म्हणाल्या, "साहेब, पंप चालतो ते ऐकू येतं आम्हाला. पण तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. मग पैसे कशाचे भरायचे?" अधिकाऱ्यांजवळ उत्तर नव्हते, कारण पंपाची देखभाल दोन वर्षे पैशाअभावी झालेली नव्हती, आणि पैसे थकबाकीमुळे नव्हते. बाईंचा मुद्दा बरोबर होता, आणि लेखापालांचाही. अशा वेळी पहिले पाऊल संस्थेनेच टाकावयास हवे. पंप आधी दुरुस्त व्हावा व मागणीपत्रावर कोणत्या बाबीसाठी किती रुपये घेतले, हे छापलेले असावे. एका ओळीत 'सेवाशुल्क' एवढेच लिहिलेली पावती कोणालाही पटत नाही.

न विकलेल्या घरांचा भारही या महसुली बाजूवरच पडतो. विरार-बोळींज येथे कोकण मंडळाने बांधलेल्या हजारो सदनिका कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या. पुरेशा पाण्याचा अभाव हे त्याचे एक प्रमुख कारण होते. रिकाम्या घरालाही पहारा, वीज, उद्वाहनाची निगा लागतेच. ती मंडळानेच सोसावयाची. जागा निवडताना पाणी केव्हा येणार याची खात्री करून घेणे हा म्हणूनच अभियंत्यांइतकाच लेखाशाखेचाही विषय आहे.

14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील 556 कुटुंबांना नव्या सदनिकांच्या चाव्या देण्यात आल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांना 500 चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळाले, ही सामान्य गोष्ट नव्हे. जुनी चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची होती. तेथे उद्वाहन नव्हते, अग्निशमन यंत्रणा नव्हती. नवी इमारत चाळीस मजली आहे. पाणी चाळिसाव्या मजल्यावर चढवावयाचे, उद्वाहने अहोरात्र चालवावयाची, तर दरमहा येणारा खर्च चाळीच्या भाड्याशी तुलना करण्यासारखा राहत नाही. घर फुकट मिळाले तरी उद्वाहनाची वीज फुकट मिळत नाही. ज्यांची नोकरी गेली आहे किंवा ज्यांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे आहे, अशा कुटुंबांवर हा खर्च कसा बसतो, हे पुनर्विकासाचा आराखडा करतानाच पाहावयास हवे. विक्रीच्या भागातून येणाऱ्या रकमेपैकी काही भाग राखीव निधी म्हणून बाजूला ठेवून त्याच्या व्याजातून देखभालीस हातभार लावणे हा एक उपाय आहे. मात्र तो निधी दुसऱ्या कामाकडे वळविता येणार नाही, अशी तरतूद लेखी असली पाहिजे.

ग्रामीण भागातील वाचकांना हे सारे मुंबईचे प्रश्न वाटतील. परंतु तालुक्याच्या ठिकाणी कुलूपबंद पडलेली कर्मचारी निवासस्थाने कोणी पाहिली नाहीत? कौले फुटली, भिंतीला ओल आली, म्हणून कर्मचारी राहावयास येत नाहीत. कोणी राहत नाही म्हणून दुरुस्तीचा प्रस्ताव मागे पडतो. पुढे निर्लेखनाचा प्रस्ताव येतो आणि त्याच आवारात नव्या बांधकामासाठी निधीची मागणी होते. पंचायत समितीच्या अंदाजपत्रकीय सभेत सदस्यांनी अशा इमारतींची यादी मागवावी. प्रत्येकीपुढे बांधल्याचे वर्ष, शेवटच्या दुरुस्तीचे वर्ष आणि यंदाची तरतूद एवढे तीन रकाने असावेत. दुसरा रकाना किती ठिकाणी कोरा आहे ते मोजून मगच नव्या निवासस्थानांचा ठराव चर्चेला घ्यावा.