टाकीतलं विरजण

पहिली फिशटँक घरी आणली तेव्हा दर रविवारी ती घासायचा माझा नेम होता. मासे जाळीने पकडून टबात टाकायचे, खडे नळाखाली खळखळून धुवायचे, काच लख्ख पुसायची आणि फिल्टरमधला तपकिरी, बुळबुळीत स्पंज पाणी नितळ निघेपर्यंत पिळायचा. दुपारी टाकी दुकानातल्यासारखी चमकायची. बुधवारी एखादा गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागायचा आणि गुरुवारी उलटा तरंगायचा. दुकानदार नवा मासा द्यायचा आणि पाणी बदलत जा म्हणायचा. मी आणखी जोमाने घासायचो.

ते मासे माझ्या स्वच्छतेने मेले, हे कळायला वर्ष गेलं. स्पंजवरचा जो बुळबुळीत थर मी घाण म्हणून गटारात सोडत होतो, त्या टाकीत सगळ्यात कामाचा तोच होता.

मासा सतत अमोनिया सोडतो, तोही मुख्यतः कल्ल्यांमधून. विष्ठा, न खाल्लेले दाणे आणि कुजलेली पानं त्यात भर घालतात. तळ्यात तो पसरून विरळ होतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत मात्र खडे वगळता जेमतेम 50 लिटर पाणी मावतं, तिथे तो साचतो आणि कल्ले जाळतो. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. त्याने माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्यामानाने बरंच सौम्य.

हे काम जिवाणूंचं आहे आणि त्यावरच ते जगतात, हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी 1890 च्या सुमारास दाखवलं. दुसऱ्या टप्प्याचं श्रेय पुस्तकांमध्ये वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं. 1998 मध्ये गोड्या पाण्याच्या फिशटँक तपासल्या तेव्हा तिथे नायट्रोस्पायरा राबताना सापडले. 2015 मध्ये तर नायट्रोस्पायरातल्याच काही जाती दोन्ही टप्पे एकट्याने उरकतात असं दिसलं. दुकानातल्या काही बाटल्यांवर अजून जुनंच नाव असतं, ते सोडा.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंज, खडे, काच, जिथे टेकायला जागा आणि ऑक्सिजन मिळेल तिथे ते थर धरतात. शिवाय ते फार सावकाश वाढतात. अनुकूल परिस्थितीत ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना अर्ध्या दिवसापासून पूर्ण दिवसापर्यंत वेळ लागतो. म्हणून नवी टाकी रुळायला चार ते सहा आठवडे जातात. पहिल्या काही दिवसांत पाणी दुधाळ होतं आणि लोक घाबरून सगळं ओतून देतात. तो वेगळ्याच जिवाणूंचा उठाव असतो, आपोआप बसतो.

वाट पाहायची नसेल तर एक उपाय आहे, आणि आपल्या घरांत तो कुणाला शिकवावा लागत नाही. विरजण मागून आणायचं. ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडे त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून घरी आणा, नव्या फिल्टरमध्ये ठेवा आणि सुरुवातीला दोन-तीनच गप्पी सोडा. दही लागायला रात्र लागते, इथे काही आठवडे लागतील, पण शून्यापासून सुरुवात होत नाही.

एक घोटाळा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हे जिवाणू काम करता करता पाणी आम्लधर्मी करत जातात. महिनोन्‌महिने पाणी बदललंच नाही तर सामू, म्हणजे पीएच, घसरत जातो, जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साचतो. तरी मासे ठीक दिसतात, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी असतो. 8 असेल तर पाच टक्के. मग दिवाळीची साफसफाई निघते, टाकीत एकदम बोअरवेलचं ताजं पाणी भरलं जातं, सामू वर चढतो आणि इतके दिवस मुकाट असलेला तोच अमोनिया विषारी होतो. घरात मात्र नजर लागली म्हणतात.

तेव्हा थोडं बदला, पण दर आठवड्याला बदला. पाव हिस्सा पुरतो. महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंनाही मारतं, म्हणून ते पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवा किंवा हायपोचे खडे प्रमाणात टाका; पाण्यात क्लोरामाइन असेल तर नुसतं ठेवून भागत नाही, खडे लागतातच. दाणे दोन मिनिटांत संपतील एवढेच घाला. या सगळ्यात पाळायला अवघड हेच, कारण मासे काचेपाशी येऊन मागतात आणि घरातलं प्रत्येकजण वेगवेगळ्या वेळी चिमूटभर टाकतं. रात्री आवाज होतो म्हणून फिल्टर बंद करू नका. ऑक्सिजनवाचून थरातले जिवाणू मरतात.

आणि स्पंज तुंबलाच, तर टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच तो दोनदा हलकेच पिळा, नळाखाली नको. ते तपकिरी पाणी मनीप्लांटला घाला. त्यातलं नायट्रेट झाडांना खतच आहे.