विश्लेषण : रोबोट आला, तरी जॉब कमी का पडतात?

चाकण, भोसरी, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींतील छोट्या कारखान्यांपुढे सध्या एक प्रश्न आहे : सीएनसी मशिनवर जॉब चढवायला-उतरवायला रोबोट घ्यावा का? त्यासाठी कर्ज काढावे लागते आणि मोठ्या कंपनीला जॉबचा दर व पुरवठ्याचा आकडा आधीच कळवावा लागतो. हा आकडा चुकला, तर बँकेचा हप्ता अंगावर येतो.

हिशेब कुठे चुकतो?
उदाहरणादाखल, एका जॉबचे मशिनिंग ९५ सेकंदांचे आहे. आठ तासांच्या शिफ्टमध्ये २८,८०० सेकंद असतात. त्यांना ९५ने भागले, की ३०३ जॉब येतात. पण दार उघडणे, चकमधून तयार जॉब काढणे, नवा बसवणे आणि दार लावणे, एवढा वेळ मशिन थांबलेले असते. त्याचे १५ सेकंद धरले, तर खरा सायकल टाइम ११० सेकंद होतो आणि शिफ्टला २६१ जॉब निघतात.

ग्रिपरने काय फरक पडतो?
दुहेरी ग्रिपर एका हाताने तयार जॉब काढतो आणि दुसऱ्याने लगेच नवा बसवतो. एकेरी ग्रिपरला तयार जॉब ट्रेमध्ये ठेवून नवा आणावा लागतो. त्यात १५ऐवजी २५ सेकंद गेले, तर जॉब २४०वर येतात.

मग २६१ जॉब नक्की मिळतात?
नाही. इन्सर्ट बदलणे, बुर काढणे, माप तपासणे, ट्रे भरणे यांत वेळ जातोच. शिफ्टचा १५ टक्के वेळ, म्हणजे ७२ मिनिटे गेली, तर जॉब २२२ होतात. त्यात दोन टक्के रिजेक्शन धरले, की चांगले जॉब उरतात २१७. कागदावरच्या ३०३पेक्षा ८६ कमी. महिन्याच्या २५ शिफ्टमध्ये ही तूट २,१५० जॉबची होते.

एक रोबोट किती मशिन सांभाळतो?
मशिनजवळचे १५ आणि ट्रेपाशी १० असे २५ सेकंद रोबोटला एका फेरीला लागतात. ११०ला २५ने भागले, की ४.४ येतात. म्हणजे चार मशिन. पाचवे जोडले, तर फेरी १२५ सेकंदांची होते आणि मशिनच रोबोटची वाट पाहत थांबते. मशिनिंग ३० सेकंदांचेच असेल, तर सायकल ४५ सेकंदांची आणि दोन मशिनची फेरी ५० सेकंदांची. तेव्हा दुसऱ्या मशिनलाही रोबोट पुरा पडत नाही.

मग फायदा कशात?
सराईत ऑपरेटर एखादा जॉब रोबोटपेक्षा झटपट बदलू शकतो. पण रोबोट जेवणाच्या सुट्टीत थांबत नाही आणि तिसऱ्या शिफ्टला दमत नाही. अर्थात, ट्रे भरलेला हवा. ४० जॉबचा ट्रे ११० सेकंदांच्या हिशेबाने ७३ मिनिटांत रिकामा होतो. जेवणाची सुट्टी त्यात निभावते, रात्र निभावत नाही. त्यासाठी मोठा ट्रे किंवा रात्रपाळीला माणूस लागतोच.

दर कळवण्यापूर्वी काय करावे?
रोबोट पुरवठादाराकडे आपलाच जॉब चालवून पाहावा. एका जॉबचे दार बंद झाल्यापासून पुढच्या जॉबचे दार बंद होईपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचने सलग २० जॉबसाठी घ्यावा. त्यातून आपल्या कारखान्यातील थांबे आणि रिजेक्शन वजा करावे. उरलेल्या आकड्यावर हप्ता भागत असेल, तरच ऑर्डरला होकार द्यावा.